येसर विकायला गुगलवर जाहिरात द्यावी का?

बचत गटातल्या बायका हे विचारतात तेव्हा मी उलट विचारते, एका पाकिटामागं तुमच्या हातात किती राहतात? विक्रीची किंमत सगळ्यांना तोंडपाठ असते, हा आकडा नसतो. मलाही नव्हता, आणि तो नसताना मी चार हजार रुपये घालवून बसले.

माझं काम येसर, म्हणजे येसर आमटीला लागतो तो मसाला, आणि काळ्या मसाल्याचं. लातूरला औसा रोडवर घर, मागच्या पडवीत भाजणं, कांडप गल्लीतल्या डंकावर. सुरुवातीला माल गंजगोलाईतल्या दोन दुकानांत ठेवायचे. आता निम्म्याहून जास्त माल पुण्याला जातो, तिकडं नोकरीला गेलेल्या आपल्याच माणसांकडं. मग वाटलं, गुगलवर जाहिरात दिली तर अजून जाईल.

एका एजन्सीवाल्या पोरानं "ताई, पाच मिनिटांत लावून देतो" म्हणून लावून दिली. शब्द टाकले मसाला, काळा मसाला, येसर. जाहिरात कुणी दाबली की तो एक क्लिक, आणि दर क्लिकला आपले पैसे कापले जातात. आठ दिवसांत ६१३ क्लिक, खर्च चार हजार, ऑर्डरी तीन. त्यातली एक वाकडच्या माझ्या मावसबहिणीची. तिनं गुगलवर आमचं नाव टाकलं, सगळ्यात वर जाहिरात दिसली, ती दाबली. घरच्या माणसाला घरात घ्यायलाही मी साडेसहा रुपये मोजले!

पैसे गेले कुठं ते नंतर कळलं. खात्यात 'सर्च टर्म्स' नावाचा अहवाल असतो. लोकांनी नेमकं काय टाइप केलं आणि आपली जाहिरात दाबली, ते त्यात दिसतं. सगळं दाखवत नाहीत, पण दाखवतात तेवढ्यानंही डोळे उघडतात. माझ्या यादीत होतं, गोडा मसाला रेसिपी. मसाला कांडप मशीन किंमत. घरबसल्या मसाला पॅकिंगचं काम. एकानं तर इंग्रजी अक्षरांत 'येस सर' शोधलं होतं. यातल्या एकालाही मसाला विकत घ्यायचा नव्हता.

म्हणून आधी वही काढा. पाव किलो येसरचं पाकीट मी १६० ला देते, कुरिअर गिऱ्हाइकाकडं. माल, कांडप, पाकीट आणि ऑनलाइन पैसे घेण्याचं कमिशन वजा जाता ५६ रुपये उरतात. शंभर माणसं माझ्या पानावर आली तर दोघं घेतात. म्हणजे शंभर क्लिकमागं ११२ रुपये, एका क्लिकमागं एक रुपया बारा पैसे. यापेक्षा महाग क्लिक घेतला की मी पदरमोड करून मसाला वाटतेय. आणि क्लिक पडत होता साडेसहाला. जाहिरात कितीही चांगली असती तरी या पाकिटावर ती परवडणारच नव्हती. हे पाच मिनिटांत वहीवर कळलं असतं.

तुमच्याकडं शंभरात किती घेतात हा आकडा नसेल तर एक धरा. जास्त धरण्याचा मोह होतो, तो आवरा.

मी मग पाकिटाची जाहिरात सोडली आणि 'वर्षाचा डबा' केला. दोन किलो येसर, एक किलो काळा मसाला, किंमत १४५०. कुरिअर माझ्याकडं धरूनही हातात ४१० राहतात. शंभरात तिघं घेतात, म्हणजे १२३० रुपये. क्लिक पडतो सहा रुपये ऐंशी पैशांना. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आपल्यासारख्या नोंदणी नसलेल्यांना परत मिळत नाही, म्हणून आठ रुपये धरायचे. शंभर क्लिकचे आठशे गेले, चारशे तीस उरले. घसघशीत नाही, पण उरले. मसाला तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त डबा मोठा केला.

आता क्लिकचा भाव ठरतो कसा. आपल्या आडत बाजारात सौद्याला जो जास्त बोलतो त्याला माल मिळतो, आणि बोलला तेवढे त्याला मोजावे लागतात. गुगलवर तसं नाही. कुणी शब्द शोधला की त्या क्षणाला लिलाव होतो. तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल ते सांगायचं, पण खालच्याला मागं टाकायला लागतात तेवढेच कापले जातात. शिवाय नुसत्या बोलीवर नंबर लागत नाही. जाहिरात शोधलेल्या शब्दाला किती लागू पडते, दाबल्यावर उघडणारं पान कसं आहे, हेही बघितलं जातं. माझ्या जाहिरातीतून आधी साइटचं पहिलं पान उघडायचं, त्यात चटण्या, कुरडया, पापड सगळं एकत्र. डब्याचं वेगळं पान केलं, वर फोटो, किंमत आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण एवढंच ठेवलं. नऊच्या पुढं जाणारा डब्याचा क्लिक सहा ऐंशीवर आला तो त्यानंतर.

लावताना काही खुणा बघून घ्याव्याच लागतात. नुसता शब्द टाकला तर गुगल त्याच्या आसपासचं काहीही धरतं. 'येसर मसाला' दुहेरी अवतरणात टाकला तर त्या अर्थाचे शोध येतात, चौकोनी कंसात टाकला तर त्याहून नेमके. मी कंस आणि अवतरण एवढंच वापरते. मग नको असलेले शब्द टाकायचे, रेसिपी, कृती, कसा करायचा, मशीन, नोकरी, फुकट. इथं एक गोम आहे. नको म्हणून 'रेसिपी' टाकलं तरी 'कृती' आपोआप अडत नाही, एकेक शब्द वेगळा द्यावा लागतो, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही. माझी यादी दोनशेच्या वर गेलीय. दर सोमवारी चहा घेताना दोन-चार वाढतात.

ठिकाणाचं तर विचारू नका. महाराष्ट्र निवडलं तरी हैदराबाद-बेंगळुरूहून क्लिक यायचे. कारण आधीपासून लावलेली निवड 'इथं असलेले किंवा इथल्यात रस असलेले' अशी असते, ती बदलून फक्त 'इथं असलेले' करावी लागते. मला जीएसटी नोंदणीशिवाय राज्याबाहेर माल विकता येत नाही, म्हणजे तो एकेक क्लिक पाण्यात. तसंच सर्च जाहिरात करताना 'डिस्प्ले नेटवर्क'वर खूण आधीच असते, ती काढा. नाही तर जाहिरात कुठल्याशा साइटवर आणि अ‍ॅपमध्ये फिरत राहते आणि पोरं खेळता खेळता दाबतात.

बजेट मी दिवसाला १५० ठेवते. एका रविवारी २८७ गेलेले दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. पण नियमच तसा आहे. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत जाऊ शकतात, महिन्याला मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर नाही. गुगल आपल्या खात्याला शंभरपैकी गुण देतं, त्याला स्कोअर म्हणतात. 'बजेट वाढवा, स्कोअर शंभर होईल' असे फोनही येतात. मी एकच विचारते, त्या स्कोअरनं डबे किती जातील? मग फोन लवकर संपतो.

ऑर्डर जाहिरातीतून आली की अशीच, हे ओळखायचं कसं? आपल्याकडं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, त्यामुळं गुगलला विक्री झाल्याचं कळतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो. माझ्या जाहिरातीच्या पानावरचं बटण दाबलं की 'डबा पाहिजे, दारावर द्या' असं लिहून येतं. हे वाक्य दुसरीकडं कुठंच नाही. मेसेज आला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या वहीत एक रेघ मारतात. पाचवी रेघ आडवी. त्यांना गुगल ठाऊक नाही, पण कुठला आठवडा परवडला हे त्या माझ्याआधी सांगतात.

जो माल लोक शोधतच नाहीत त्याला ही जाहिरात लागू नाही. नांदेडच्या एका ओळखीच्या बाईंनी स्वतःच्या कल्पनेनं कवठाची एक बर्फी काढली. चवीला फार छान. पण त्या नावानं गुगलवर शोधणार कोण? त्यांच्या शब्दापुढं 'शोध फार कमी' एवढंच लिहून आलं, जाहिरात दिसलीच नाही. अशा मालाला फोटो दाखवावे लागतात, हातात तुकडा द्यावा लागतो. येसरचं बरं आहे. ज्याला माहीत नाही तो शोधत नाही, आणि जो शोधतो त्यानं लग्नाच्या पंगतीत ती आमटी भुरकलेली असते. शोधणारे थोडे, पण घेणारे.

एक हिशोब मी पहिल्या वर्षी धरलाच नव्हता. त्या उन्हाळ्यात जाहिरातीतून ४१ डबे गेले. दुसऱ्या वर्षी त्यातल्या १७ जणांनी परस्पर मेसेज केला, जाहिरात न बघता. त्या डब्यांवर क्लिकचा खर्च शून्य. त्यामुळं आता क्लिकला दहा रुपये पडले तरी मी घाबरत नाही. ज्यांचा माल आयुष्यात एकदाच घेतला जातो त्यांनी मात्र ही चैन करू नये.

मार्चमध्ये चालू करते, मृग लागला की थांबवते. ओल्या हवेत मसाला कांडायचा नाही हा आत्याबाईंचा नियम. थांबवताना 'पॉज' दाबायचं, 'रिमूव्ह' नाही. काढून टाकलेली मोहीम परत चालू करता येत नाही, सगळी जुळणी पहिल्यापासून करावी लागते. मी एकदा केलीय.