वेबसाइटचा पत्ता शेवटून वाचा

परवा शेजारच्या गावचे एक काका आमच्या ई-सेवा केंद्रात आले. "ताई, सातबाऱ्यासाठी दोनशे रुपये भरले, कागद काही आला नाही." फोन बघितला. वर पत्ता होता: महाभूमी.गव्ह.इन.अमुकतमुक.कॉम. (खरं नाव मुद्दाम लिहीत नाही. आणि मी देवनागरीत लिहितेय, फोनवर इंग्रजी अक्षरं दिसतील.) काकांनी 'महाभूमी.गव्ह.इन' एवढं वाचलं आणि पैसे भरले. त्यांना दोष कसा द्यायचा? आपण डावीकडूनच वाचत आलोय.

पण पाकिटावरचा पत्ता आठवा. आधी घराचं नाव, मग मु. पो., तालुका, शेवटी जिल्हा. घराला कुणी 'कलेक्टर कचेरी' नाव दिलं म्हणून तिथे कलेक्टर बसत नाहीत.

तर असं करा. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येईल तिथे बोट ठेवा, रेघ नसेल तर पत्ता संपतो तिथे. रेघेपुढचं काही बघू नका. बोटापासून मागे या: आधी 'कॉम', मग 'अमुकतमुक'. हा खरा मालक. त्याच्या डावीकडे तो वाटेल ते लिहू शकतो. खरा पत्ता डिजिटलसातबारा.महाभूमी.गव्ह.इन असा 'गव्ह.इन'वर संपतो, आणि ते फक्त सरकारी यंत्रणांना मिळतं. नुसतं '.इन' कुणीही विकत घेतं. 'गव्ह' आणि 'इन'मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असली, तरी ते सरकारी नाही.

बँकेचा पत्ता असेल तर शेवटी '.बँक.इन' शोधा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे जायला सांगितलं होतं.

कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. वाटेत तुमची माहिती कुणी वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय, ते नाही. कुलपाचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, भामट्यालाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून पैसे भरूच नका, पत्ता स्वतः टाइप करा. फीसुद्धा ताडून बघा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला सरकारी फी १५ रुपये आहे, मग दोनशे कशाचे?

काकांना आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावून दिला, कारण पैसे गेल्यावर जितकी लवकर तक्रार, तितकी ते अडवले जाण्याची आशा. मग पत्ता त्यांनाच टाइप करायला लावला. एकेक अक्षर शोधत, दहा मिनिटं लागली. सातबारा निघाला.