घरी जर्मन वाइनची संध्याकाळ ठरवताय? बाटलीला दोष देण्याआधी या चुका टाळा

माझ्या घरची पहिली वाइन टेस्टिंग साडेसातला सुरू झाली आणि आठ वाजता बिघडली. पाहुणे आठ, बाटल्या सहा. त्यातली सगळ्यात महागडी, मोझेल नदीकाठची आउसलेझे नावाची गोड वाइन, मी हौसेने आधी उघडली. जीभ ताजी आहे तोवर चांगलं ते द्यावं, असा साधा हिशोब. मधासारखी गोड वाइन पिऊन सगळे खूश. मग दुसरी बाटली आली, राइनहेसन प्रदेशातली रीसलिंग द्राक्षाची कोरडी, म्हणजे गोडी नसलेली पांढरी वाइन. एकाने घोट घेतला, डोळे घट्ट मिटले आणि विचारलं, "ताई, यात लिंबू पिळलंय का?"

वाइन उत्तम होती. पण जिलबी खाऊन वर चहा प्यायला की तो बिनसाखरेचाच लागतो, ते आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. मला ते त्या रात्री आठवलं नाही, एवढंच.

मी जर्मनीत, माइन्झमध्ये राहते. गावाबाहेर पडलं की राइनहेसनचे द्राक्षमळे, नदी ओलांडली की राइनगाउ. इथे घरोघरी, मळ्यामळ्यांत वाइनप्रोबे, म्हणजे वाइन टेस्टिंग, चालतात, त्यामुळे आपणही एक करावी अशी खुमखुमी इथल्या मराठी मंडळींना कधी ना कधी येतेच. त्यानंतर मी बऱ्याच संध्याकाळी घातल्या, काही चांगल्या झाल्या, काही फसल्या. फसलेल्या संध्याकाळी वाइन वाईट निघाली असं फार क्वचित झालं. घोळ जवळपास नेहमी माझ्याकडचा होता.

'श्पेटलेझे म्हणजे गोड' असं धरून चालणं

हा घोळ सगळ्यात मोठा, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

जर्मन लेबलवर काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे असे शब्द दिसतात. दुकानात उभं राहून आपण त्यांचा अर्थ 'थोडी गोड, गोड, फार गोड' असा लावतो. प्रत्यक्षात हे शब्द बाटलीतल्या साखरेबद्दल काहीच सांगत नाहीत. द्राक्षं तोडली तेव्हा त्यांच्या रसात किती साखर होती, ते सांगतात. ती साखर मोजायचं माप म्हणजे ओक्स्ले, फोर्ट्सहाइमच्या फर्डिनांड ओक्स्ले यांच्या नावावरून पडलेलं. पुढे आंबवताना यीस्टने ती सगळी साखर खाऊन टाकली तर श्पेटलेझेसुद्धा ठणठणीत कोरडी होते. मध्येच थांबवलं तर गोड राहते. शब्द तोच, बाटल्या दोन, चवी दोन टोकांच्या.

म्हणून लेबलवर आधी दुसरा शब्द शोधा. 'ट्रोकन' असेल तर कोरडी: लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. 'हाल्बट्रोकन'ची मर्यादा १८ ग्रॅमपर्यंत जाते. 'फाइनहेर्ब' या शब्दाला कायद्यात आकडाच नाही. प्रत्येक विन्झर, म्हणजे द्राक्षं पिकवून स्वतः वाइन करणारा शेतकरी, तो आपल्या मनाप्रमाणे वापरतो. आणि यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर मागच्या बाजूला अल्कोहोलचा आकडा बघा. ८-९ टक्के असेल तर साखर बाटलीत शिल्लक आहे. १२ च्या वर असेल तर बहुधा तिचं अल्कोहोल झालंय. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या विन्झरने शिकवली आणि अजून तरी फसलेली नाही. बाटलीच्या गळ्यावर द्राक्षांचा घड धरलेला गरुड दिसला तर ती व्हीडीपी या विन्झरांच्या संघटनेच्या सदस्याची. त्यांची सगळ्यात वरच्या दर्जाची वाइन 'ग्रोसेस गेवेक्स', बोलीत जीजी, ही कोरडीच असते.

उलटी चूकही होते. "आम्हाला गोड वाइन चालत नाही" असं सांगणाऱ्या पाहुण्यांना मोझेलची काबिनेट न सांगता द्या. तिच्यात लिटरमागे ४० ग्रॅम साखर सहज असू शकते, पण रीसलिंगचा आंबटपणा तिला चिकट होऊ देत नाही. उसाच्या रसात लिंबू आणि आलं पडलं की तो जसा सुटसुटीत लागतो, तसंच. आकडा नंतर सांगा. आधी सांगितलात तर ग्लास तसाच टेबलावर राहील.

क्रम

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी विन्झरची सेक्ट, म्हणजे इथली फेसाळती वाइन. मग फ्रांकन प्रदेशातली झिल्वानर द्राक्षाची पांढरी, पसरट पोटाच्या बोक्सबॉइटल बाटलीतली. ही बाटली टेबलावर ठेवली की न पिणारेसुद्धा हातात घेऊन बघतात. मग नीरश्टाइनजवळच्या 'रोटर हांग'ची कोरडी रीसलिंग. हा राइनकाठचा लाल मातीचा उतार कोकणातल्या माणसाला बघताक्षणी आपलासा वाटतो. त्यानंतर लाल श्पेटबुर्गुंडर, फ्रेंच मंडळींची पिनो न्वार तीच. मग जेवणाबरोबर काबिनेट, आणि शेवटी आउसलेझे, तीही दोन चमचे म्हणावी एवढी.

सहाच्या वर जाऊ नका. मी एकदा दहा केल्या होत्या. सातव्यानंतर कोणीही वाइनबद्दल बोलत नव्हतं, सगळे व्हिसाबद्दल बोलत होते.

फोडणीच्या वासात वाइन हुंगणं

जर्मन शेजारणीने एकदा ग्लासात नाक घातलं, थांबली, पुन्हा घातलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "या वाइनमध्ये मला काहीतरी कांद्यासारखं येतंय." ते वाइनमध्ये नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी मी स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी दिली होती आणि घरभर तोच वास भरून राहिला होता. आपल्या नाकाला तो जाणवतही नाही. घराचाच वास तो.

तेव्हापासून तळण आणि फोडणी दुपारी तीनच्या आत. मग सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघड्या, बाहेर शून्य अंश असलं तरी. जर्मन लोक याला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि रोज धर्मकृत्यासारखं करतात; या एका दिवशी आपणही करावं. उदबत्ती नको, सुगंधी मेणबत्ती नको. आमंत्रणातच 'अत्तर-परफ्यूम टाळा' असं लिहा. लोक हसतात, पण ऐकतात.

ग्लासही हुंगून बघा. खोक्यात महिनाभर पडलेल्या ग्लासाला पुठ्ठ्याचा वास लागतो आणि त्याचं खापर वाइनवर फुटतं. गरम पाण्याने धुवा, सुती कापडाने पुसा. आधी त्या कापडालाही नाक लावा. माझ्याकडे एकदा तेच दोषी निघालं होतं.

खायला काय

इथली पद्धत म्हणजे ब्रेत्सेल (प्रेट्झेल) आणि श्पुंडेकेस, म्हणजे पाप्रिका-कांदा घातलेलं मऊ चीज. ते ठेवाच. पण मराठी घरात आठ माणसं येणार आणि तळलेलं काही नसणार, हे होत नाही. माझा आग्रह कोथिंबीर वडीचा. काबिनेटबरोबर ती अशी जमते की जर्मन पाहुणे कृती लिहून घेतात.

चूक होते ती लाल वाइनबरोबर ठेचा किंवा झणझणीत रस्सा ठेवल्याने. अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही मिरचीची आग वाढवतात. मग वाइन कडू आणि जेवण जहाल लागतं. कमी अल्कोहोल आणि थोडी गोडी असलेली वाइन ती आग शांत करते. तिखट हवंच असेल तर लाल बाटली संपेपर्यंत ते टेबलावर आणू नका.

शाकाहारी पाहुण्यांसाठी एक गोष्ट बहुतेक यजमानांच्या लक्षात येत नाही. वाइन नितळ करायला कधी कधी जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. तो नंतर गाळला जातो, पण काहींना तेवढंही चालत नाही आणि ते साहजिक आहे. बाटलीवर 'फेगान', म्हणजे व्हीगन, लिहिलंय का बघा किंवा विन्झरला सरळ विचारा. त्याला हा प्रश्न नवा नसतो.

"ही बाटली खराब आहे!" कधी खरं, कधी खोटं

रॉकेलचा वास आला तर घाबरू नका. जुन्या रीसलिंगमध्ये तो येतो, टीडीएन नावाच्या संयुगामुळे, आणि काही शौकीन त्याच्यासाठीच जास्त पैसे मोजतात. माझ्या एका पाहुण्याला आजीचा स्टोव्ह आठवला आणि मग अर्धा तास फक्त वातींच्या स्टोव्हवर गप्पा झाल्या. टेस्टिंगमधला तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता.

तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते वाइनमधलंच टार्टरिक आम्लाचं क्षार आहे, जर्मनमध्ये वाइनश्टाइन. निरुपद्रवी. शेवटचा घोट ओतू नका म्हणजे झालं. जिभेवर बारीक बुडबुडे टोचले तर तरुण वाइनमध्ये राहिलेला कार्बन डायऑक्साइड. काडेपेटीचा वास स्क्रू कॅपच्या ताज्या बाटलीला येतो. ग्लास दोन-तीनदा फिरवला की जातो.

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला मात्र की ती बाटली गेली. बूच खराब. हवा लावून, वाट बघून काही होत नाही, उलट वास वाढतो. म्हणून एक बाटली जास्तीची ठेवा आणि घरगुती टेस्टिंगसाठी स्क्रू कॅपला नाक मुरडू नका. जर्मनीत चांगले विन्झरही ती सर्रास वापरतात.

थंड किती

पांढरी वाइन फ्रीजमधून थेट ओतली तर ती ४-५ अंशांवर असते आणि तिला वासच येत नाही. साधी पांढरी ८ ते १० अंश, भारदस्त कोरडी रीसलिंग १० ते १२, श्पेटबुर्गुंडर १४ ते १६. थर्मामीटर नसेल तर पांढरी वाढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. लाल 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हा सल्ला जुन्या, गार दगडी घरांच्या काळातला आहे. पुण्यात मे महिन्यात हे करत असाल तर लाल बाटलीही अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये हवी.

उशीर झाला म्हणून बाटली फ्रीझरमध्ये घालू नका. मी सेक्ट घातली आणि विसरले; सकाळी मटारच्या पाकिटांवर काचा आणि बर्फाचा चुरा. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. यात बाटली पंधरा-वीस मिनिटांत गार होते. नुसता बर्फ घातला तर मध्ये हवाच राहते आणि वेळ लागतो.

माप, पीकदाणी आणि गाडी

एका वेळी ५० मिलिलिटर. आठ जणांना ४०० झाले, म्हणजे ७५० च्या बाटलीत जवळपास निम्मी शिल्लक राहते आणि आवडलेली पुन्हा मागता येते. मराठी यजमानाचा हात आखडत नाही, हे खरं. मी पहिल्या ग्लासवर आतून कुठपर्यंत यायचं ते पाण्याने मोजून बघते आणि मग हाताला सांगते.

टेबलावर थुंकायला भांडं ठेवायला बहुतेकांना लाज वाटते. गंमत आहे, कारण पीकदाणीची परंपरा आपल्याकडे केवढी! साधं अपारदर्शक चिनीमातीचं भांडं ठेवा आणि पहिल्या वाइनला स्वतः वापरा. मग बाकीचे वापरतात. जर्मनीत गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रोमिल, म्हणजे हजारात अर्धा भाग, आहे, नवशिक्या चालकांना शून्य. सहा वाइनचे ५०-५० मिलिलिटर गिळले तर ३०० होतात, तेव्हा कागदावर गणित करत बसू नका. आमंत्रणातच शेवटच्या ट्रामची वेळ लिहा.

व्याख्यान

मोझेलच्या स्लेट दगडावर मी एकदा दहा मिनिटं बोलले. लोक मान डोलवत राहिले आणि ग्लासातली वाइन गरम झाली. आता प्रत्येक बाटलीला दोन वाक्यं: कुठली, कोरडी की गोड. मग गप्प बसायचं. पाहुण्यांना पुस्तकातल्या पीच आणि गूजबेरीत ढकलू नका. शोयरेबे नावाच्या द्राक्षाची वाइन पिऊन कोकणातली एक मैत्रीण म्हणाली, "पपनस!" पुस्तकं तिथे ग्रेपफ्रूट म्हणतात. तिचा शब्द जास्त नेमका होता. गेव्युर्त्सट्रामिनरला कोणीतरी गुलकंद म्हणालं. कैरी, रायआवळा, पहिल्या पावसाची माती, हे सगळं येऊ द्या. आणि ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, जर्मन लोक ते बघतात. 'चिअर्स' म्हणताना वाइनला 'प्रोस्ट'पेक्षा 'त्सुम वोल' शोभतं.

दुसऱ्या दिवशी

उरलेली रीसलिंग झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस मजेत टिकते, गोड असेल तर त्याहून जास्त. लाल वाइन दोन दिवसांत संपवा किंवा मटणाच्या रश्श्यात घाला. मी घातलीय, चांगली लागते. कोणती कोणाला आवडली ते रात्रीच लेबलवर पेनाने लिहून ठेवा, सकाळी आठवत नाही. आणि टेस्टिंग शनिवारी असेल तर रिकाम्या बाटल्या रविवारी काच टाकायच्या सार्वजनिक कंटेनरमध्ये टाकायला जाऊ नका, त्या आवाजाची इथे रविवारी मनाई असते. माझ्या बाल्कनीत सोमवार संध्याकाळपर्यंत एक खळखळणारी पिशवी पडलेली असते आणि समोरच्या आजी तिच्यातल्या बाटल्या मोजतात.