इजिप्तची थडगी आणि देवळं मुलांना घेऊन कशी बघायची

इजिप्त म्हटलं की बहुतेक जण कैरोला उतरतात, लगेच पिरॅमिड, मग म्युझियम, आणि मग दमूनभागून लक्सरला पोचतात, जिथं खरी बघण्यासारखी थडगी आणि देवळं आहेत, आणि तोपर्यंत पोरांचं "अजून एक देऊळ?" सुरू झालेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की मुलं सोबत असतील तर हा बेत उलटा लावा. कैरोहून तासाभराचं विमान पकडून आधी लक्सर गाठा, पिरॅमिड आणि म्युझियम शेवटाला ठेवा. का ते पुढे येईलच.

आधी तारखा ठरवा. ऑक्टोबर ते मार्च हा चांगला काळ, म्हणजे आपल्याला दिवाळीची सुट्टी अगदी फिट बसते. मे महिन्याच्या सुट्टीचा विचारसुद्धा करू नका, लक्सर-अस्वानला पारा सहज 40 च्या वर जातो आणि बऱ्याच ठिकाणी उभं राहायला सावली नाही. रमजान कधी आहे तेही बघून घ्या कारण वेळा बदलतात. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे. व्हिसा मात्र घरूनच काढून निघा, एअरपोर्टवर बघू म्हणून चालत नाही.

मग निघायच्या आधी मुलांना एकच होमवर्क द्या. राजाचं नाव एका लांबट गोल चौकटीत कोरलेलं असतं, त्याला कार्टूश म्हणतात. तुतानखामूनचा कार्टूश कागदावर काढायला शिकवा: वर सूर्याचा गोळा, खाली शेणकिडा, त्याच्याखाली तीन रेघा आणि तळाला टोपली. झालं. एवढं डोक्यात बसलं की पोरं भिंतीभिंतीवर नावं हुडकत फिरतात, गाईडचं भाषण ऐकायची गरजच उरत नाही. (गाईड घ्याच, पण मुलांशी बोलणारा घ्या, सनावळ्या म्हणणारा नको.)

लक्सरला दिवस असा लावा: सकाळी एक ठिकाण, दुपारी हॉटेल आणि पोहणं, संध्याकाळी जमलं तर आणखी एक. याच्यापेक्षा जास्त कोंबलंत तर सगळ्यात आधी आईबाबाच चिडतात.

पहिली सकाळ व्हॅली ऑफ द किंग्जला, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या दरीला द्या. ही नाईलच्या पश्चिम काठावर आहे, सकाळी सहाला उघडते, आणि तुम्ही खरंच सहा-साडेसहाला तिथं असायला हवं, नंतर टूरच्या बसेस येतात आणि थडग्यांच्या आत दमट उकाडा होतो. साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, तुतानखामून, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांची तिकिटं वेगळी. तिकीट खिडकीवर आता कार्डच चालतं, रोख घेत नाहीत, त्यामुळे परदेशात चालणारी दोन कार्डं सोबत ठेवा. दर सारखे बदलतात, ते निघायच्या आधी चेक करा, आणि कॉलेजात जाणारं कुणी असेल तर आंतरराष्ट्रीय स्टुडंट कार्ड काढून न्या, तिकीट अर्धं होतं.

तीन कुठली? लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर रामसेस चौथ्याचं घ्या, दारापासून जवळ आहे, उतार सौम्य आहे. रामसेस तिसऱ्याच्या थडग्यात एक गंमत आहे, खोदता खोदता कामगार शेजारच्या थडग्यात घुसले आणि मग वाट थोडी बाजूला सरकवून पुढे खणली, तो आडवा मोड चालताना स्पष्ट कळतो, मुलांना आधी न सांगता शोधायला लावा. तिसरं तुमच्या आवडीनं. जादा पैसे एकाच ठिकाणी घालायचे तर मी रामसेस सहाव्यावर घालेन. आतल्या दफनाच्या खोलीत वर बघा: अख्ख्या छतावर नूट देवी ताणून पसरलेली आहे, ती संध्याकाळी सूर्य गिळते, तो रात्रभर तिच्या अंगातून प्रवास करतो आणि सकाळी पुन्हा जन्माला येतो, आणि तो लाल गोळा तिच्या शरीरातून पुढे पुढे सरकताना काढलेला आहे. तीन हजार वर्षांहून जुना रंग आहे हो हा, आणि भिंतींवर जुन्या ग्रीक पर्यटकांनी आपली नावंही कोरून ठेवलीत, म्हणजे "बंडू लव्हज पिंकी" हा रोग फक्त आपल्या किल्ल्यांवरच आहे असं नाही.

तुतानखामूनचं थडगं बघून लोक नाराज होतात, एवढंसंच आहे म्हणून. पण बघाच. 1922 साली हॉवर्ड कार्टरला ते सापडलं, रंगवलेली खोली एकच, एका भिंतीवर बारा माकडं, आणि त्याची ममी अजून तिथंच आहे. मुलांना एक काम सांगा, खोली केवढी आहे ते नीट लक्षात ठेवा, कैरोत उपयोगी पडेल.

आतले राखणदार "इकडे या, फोटो काढा" करत दोरीपलीकडचं दाखवतात आणि मग हात पुढे करतात. रागावू नका, नको असेल तर हसून "ला, शुक्रन" म्हणा आणि पुढे चला. पाणी, टॉयलेट, सामान उचलणं, सगळ्याला सुट्टे पैसे लागतात म्हणून लहान नोटांची गड्डी वेगळ्या खिशात ठेवा. मोबाईलनं फोटो काढू देतात, फ्लॅश मात्र बंद.

पश्चिम काठावरच हतशेपसुत राणीचं देऊळ आहे, लांबून भव्य, जवळून भट्टी, तासाभरात उरका. त्यापेक्षा वेळ मदिनत हाबूला द्या, गर्दी कमी आणि छताखाली रंग टिकलेत. रामसेस तिसऱ्याचं हे देऊळ. एका भिंतीवर लढाईनंतर शत्रूंच्या तोडलेल्या हातांचे ढीग आणि ते मोजून लिहून घेणारे कारकून कोरलेत, दहा-बारा वर्षांची पोरं इथून हलत नाहीत. राजाची नावं इतकी खोल कोरलीत की नंतर येणाऱ्या कुणाला खरवडून पुसता येऊ नयेत. शेजारच्या दैर अल मदिनाला थडगी खणणाऱ्या कारागिरांची वस्ती होती, धान्याची मजुरी थकली म्हणून त्यांनी याच राजाच्या काळात काम बंद केलं होतं, इतिहासात नोंद असलेला पहिला संप.

पूर्व काठावर कर्नाकचं देऊळ सकाळी, 134 खांबांचा दिवाणखाना आहे, लपाछपी आपोआप सुरू होते. लक्सरचं देऊळ दिवे लागल्यावर बघा.

लक्सर ते अस्वान क्रूझ घेतली तर सामान सारखं बांधावं लागत नाही, मुलांबरोबर हा मोठा फायदा. वाटेत एडफू आणि कोम ओम्बोची देवळं लागतात, कोम ओम्बोला मगरींच्या ममींचं छोटं म्युझियम आहे, ते चुकवू नका. एडफूला घोडागाडीऐवजी टॅक्सी घ्या, घोड्यांची अवस्था बघवत नाही.

अबू सिंबेलचं देऊळ हा खरा प्रश्न. अस्वानपासून साधारण 280 किलोमीटर, पहाटे चारला निघायचं आणि जाऊनयेऊन सहा-सात तास गाडीत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मी नेणार नाही, त्याहून मोठ्यांना नक्की नेईन. कैलास लेण्यासारखंच हेही डोंगरातच कोरलेलं, फक्त अस्वान धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून 1964 ते 1968 मध्ये अख्खं कापून 65 मीटर वर नेऊन पुन्हा जोडलंय. दारासमोरच्या चार पुतळ्यांपैकी एक जुन्या भूकंपात तुटलेला आहे, त्याचं डोकं खाली पडलंय, तेसुद्धा हलवताना जसं पडलं होतं तसंच ठेवलं.

खाण्याची काळजी करू नका. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी आणि वर टोमॅटोचं तिखट, व्हेज आणि स्वस्त. पाणी बाटलीचंच.

आता कैरो. गिझाला पिरॅमिडच्या आत वाकून चढत जायचं आणि वर कोऱ्या भिंती, लक्सर बघितलेल्या मुलांना ते फिकं वाटतं. बाहेरूनच बघा. वाचलेले पैसे कैरोजवळच्या सक्काऱ्याला घाला, तिथल्या मेरेरुकाच्या मस्तब्यात (सपाट छपराच्या थडग्यात) शिकार, मासेमारी, जनावरं सगळं भिंतींवर आहे.

शेवटी ग्रँड इजिप्शियन म्युझियम, गिझालाच, नोव्हेंबर 2025 पासून पूर्ण उघडलंय. तुतानखामूनच्या थडग्यातल्या 5,000 हून जास्त वस्तू इथं एकत्र मांडल्यात. सरळ त्याच दालनात जा. सोन्यानं मढवलेली चार लाकडी मखरं, एकात एक बसणारी, सगळ्यात बाहेरचं पाच मीटर लांब, आणि त्यांच्या आत तीन शवपेट्या, आतली 110 किलो सोन्याची. ती खोली बघून आलेलं पोर इथं थबकतं आणि विचारतं की हे सगळं तिथं मावलं कसं. सुट्या भागांत नेऊन आतच जोडलं होतं, पण हे लगेच सांगू नका, त्यांना आधी डोकं खाजवू द्या. म्युझियम आधी आणि थडगं नंतर केलं की हा प्रश्नच पडत नाही, म्हणून तो उलटा बेत.

राजांच्या ममी मात्र इथं नाहीत, त्या कैरोतल्याच फुस्तात भागातल्या म्युझियममध्ये आहेत, 2021 साली 22 ममी मिरवणुकीनं तिथं नेल्या. खाली अंधारं दालन आहे, चेहरे, केस, नखं सगळं दिसतं. लहानगं घाबरणारं असेल तर एकानं वर थांबा आणि दुसऱ्यानं जाऊन या, मग अदलाबदल करा.