महामार्गाच्या साईटवर या चुका टाळा: यंत्रं आणि माणसं यांच्यात तुटलेला दुवा

३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर लाँचर (पुलाच्या जड तुळया उचलून खांबांवर बसवणारं यंत्र) कोसळला आणि २० माणसं गेली. अडीच महिन्यांनी, १६ ऑक्टोबरला, चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाच्या उड्डाणपुलाचा भाग लाँचरसह खाली आला. तिथे सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

महामार्गाच्या कामावर आता उपग्रहाच्या मदतीने पातळी धरणारे ग्रेडर (पात्याने माती सपाट करणारी यंत्रं) आले आहेत, थर किती घट्ट झाला ते दाखवणारे रोलर आले आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ पासून दर महिन्याला कामाचं ड्रोन चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. ही साधनं कामाचीच आहेत. पण यंत्राला कळलेली गोष्ट ते चालवणाऱ्याला त्याच पाळीत कळली पाहिजे, आणि मजुराला दिसलेला धोका साहेबापर्यंत त्याच तासात गेला पाहिजे. बहुतेक चुका या दोन ठिकाणी होतात. साईट इंजिनिअर, सुपरवायझर आणि पोटठेकेदार यांना रोज भेटणाऱ्या अशा चुका इथे घेतल्या आहेत.

चुन्याचे दगड आणि खोटे बोर्ड

चालू रस्त्याचं रुंदीकरण आणि मोकळ्या माळावरचा नवा रस्ता ही दोन वेगळी कामं आहेत. समृद्धीचं काम चालू होतं तेव्हा बाहेरची गाडी मधे येण्याचा प्रश्न फारसा नव्हता, धोका उंचीवरच्या जड कामाचा होता. मुंबई-गोवा महामार्गावर मात्र एका बाजूला पोकलेन चालतो आणि दुसऱ्या बाजूने एसटी, कंटेनर, दुचाक्या जातात. गणपतीच्या आधी तर चाकरमान्यांची गर्दी, पाऊस आणि खड्डे बुजवण्याची घाई एकाच वेळी येते.

आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे चुना लावलेले दगड, मातीने भरलेले ड्रम आणि एक फाटकी रिबीन लावून वळण दिलं असं समजणं. दुचाकीस्वार दगडावर गेला की पडतो, आणि ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड मजुराला लागतो. रात्री पावसात चुना दिसतही नाही. परावर्तक पट्टीचे प्लास्टिकचे कोन आणि पाणी भरलेले अडथळे महाग वाटतात, पण धडक बसल्यावर ते माणसाला त्यामानाने कमी इजा करतात.

दुसरी चूक अंतराची. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) रस्ते-रचनेत चालकाच्या प्रतिक्रियेला अडीच सेकंद धरतात, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ५५ मीटर संपले. ८० च्या वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर आणि १०० च्या वेगाला १८० मीटर लागतात असं तीच मानकं सांगतात. मग 'पुढे काम चालू आहे' हा बोर्ड खड्ड्याच्या ३० मीटर अलीकडे लावून काय उपयोग? आयआरसी:एसपी:५५ ही मार्गदर्शिका कामाच्या जागेचे चार भाग करते: आगाऊ सूचना, वळवण्याचा टप्पा, प्रत्यक्ष काम आणि वाहतूक पुन्हा मूळ मार्गावर आणण्याचा टप्पा. आपल्याकडे पहिला भाग सर्वात आधी कापला जातो, कारण तो कामापासून लांब असतो आणि तिथे कुणी तपासायला जात नाही.

काम संपल्यावर बोर्ड तसेच ठेवणं याहून वाईट. आठवडाभर रिकाम्या रस्त्यावर 'वेग कमी करा' वाचलेला चालक पुढच्या खऱ्या बोर्डावरही विश्वास ठेवत नाही. पाळी संपली की बोर्ड झाका किंवा उचला.

डायव्हर्जन चालू करण्याआधी इंजिनिअरने ते रात्री स्वतः गाडीतून दोन्ही दिशांनी पार करावं. जमल्यास एकदा दुचाकीवरून आणि एकदा पावसात. कुठे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, कुठे बाण झाडाआड जातो, ते नकाशावर कधीच कळत नाही. घाटात एकेरी वाहतूक सोडायची असेल तर दोन्ही टोकांच्या फ्लॅगमनकडे (झेंडी दाखवून गाड्या थांबवणाऱ्या माणसाकडे) वॉकीटॉकी द्या. मोबाइलवर भिस्त ठेवू नका, परशुराम किंवा कशेडी घाटात जिथे रेंज हवी तिथेच ती जाते. आणि फ्लॅगमन म्हणून गँगमधला सर्वात अशक्त माणूस उभा करण्याची पद्धत बंद करा. चालत्या वाहतुकीसमोर उभं राहणं हे कसबाचं काम आहे.

रिव्हर्सचा भोंगा वाजतो, म्हणून सगळं ठीक आहे असं मानणं

साईटवर दहा डंपर एकाच वेळी मागे येत असतील तर दहा भोंगे वाजतात आणि कुणाचंच लक्ष जात नाही. कटकट नको म्हणून काही चालक फ्यूजच काढून ठेवतात. तपासणीत भोंगा बंद सापडला की दंड होतो, आणि दंडानंतर दोन दिवसांनी फ्यूज पुन्हा खिशात जातो.

इथे आधी वाहतुकीची आखणी बदला. डंपर एका बाजूने आत येईल, माल टाकेल आणि पुढूनच बाहेर जाईल असा गोल रस्ता करता आला, तर मागे येण्याची गरजच कमी होते. फेऱ्याही वाढतात, डिझेलही वाचतं. जिथे मागे येणं टळत नाही तिथे एकच ठरलेला सिग्नलमन ठेवा. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, एवढा एक नियम चालकाच्या अंगात मुरवा. कॅमेरा आणि जवळचा माणूस ओळखणारे सेन्सर त्याच्या जोडीला लावा, त्याच्या जागी नको.

जीपीएसबद्दलही बोललं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी डंपरवरचा जीपीएस आणि टाकीतला सेन्सर फक्त डिझेलचोरी पकडायला वापरतात. त्याच नोंदीत वेग, अचानक मारलेले ब्रेक, सलग किती तास गाडी चालली, हे सगळं असतं. ते कुणी उघडून पाहत नाही. दर सोमवारी चालकांसोबत बसून फक्त अचानक ब्रेक लागलेल्या जागा पाहिल्या, तरी हॉल रोडवर (माल वाहून नेण्याच्या साईटवरच्या कच्च्या रस्त्यावर) कुठे खड्डा आहे आणि कुठे धुळीने दिसत नाही ते समजतं.

वीजतारांचा धोका वेगळा सांगतो, कारण त्यात दुसरी संधी मिळत नाही. माल टाकून झाल्यावर ट्रॉली वर ठेवूनच डंपर पुढे जातो आणि उच्चदाबाच्या तारेला लागतो. तारेच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या उंचीची कमान उभारा, म्हणजे ट्रॉली आधी कमानीला लागेल. तार लागलीच तर चालकाने केबिनमध्येच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी लांब राहून वीजपुरवठा बंद करायला लावायचा. गाडीने पेट घेतला आणि उतरणं भागच असेल, तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी हात-पाय न लावता, पाय जुळवून बाहेर उडी मारायची आणि पाय जुळलेलेच ठेवून छोट्या उड्यांनी लांब जायचं. बोर्डावर लिहून हे डोक्यात राहत नाही, चालकांकडून प्रत्यक्ष करून घ्यावं लागतं.

पडदा हिरवा दिसतोय, पण थर कच्चा

लखनौ-कानपूर द्रुतगती मार्गावर ग्रेडर आणि रोलर उपग्रहाशी जोडून काम करण्याची पद्धत वापरली गेली. आपल्याकडेही अशी यंत्रं येत आहेत, आणि त्यांच्या तक्रारी ठरावीक असतात.

रोलरच्या ड्रमवरचा सेन्सर कंपनांवरून ताठरपणा सांगतो, घनता नाही. शिवाय त्याची नजर वरच्या थराच्या खालीही जाते. खाली काळी माती ओली असेल तर वरचा मुरूम चांगला दाबूनही आकडा कमीच येतो आणि ऑपरेटर फेऱ्या मारत राहतो. उलट कडक मुरमावर टाकलेला सैल थर चांगला दिसू शकतो. म्हणून प्रत्येक नव्या मातीसाठी आधी चाचणी पट्टा करा. तिथे फेऱ्या मोजा, सँड रिप्लेसमेंटने (खोदलेल्या खड्ड्यात वाळू भरून मोजण्याच्या पद्धतीने) घनता काढा आणि कोणता आकडा पुरेसा ते ठरवा. प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या भरावाला ९५ टक्के आणि सबग्रेडला (रस्त्याच्या थरांच्या लगेच खालच्या मातीला) ९७ टक्के घनता हवी, ही रस्ते मंत्रालयाच्या तपशिलातली अट यंत्र बदललं म्हणून बदलत नाही. ओलावाही तपासा. इष्टतम ओलाव्यापेक्षा (ज्या ओलाव्याला माती सर्वात घट्ट दबते) १ टक्का जास्त ते २ टक्के कमी, एवढीच मोकळीक असते. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात टँकर फिरवल्यानंतर जेवणाची सुट्टी झाली, तेवढ्यात ती मर्यादा ओलांडलेली असते. मग कितीही फेऱ्या मारा.

ग्रेडरची पातळी रोज दोन-तीन सेंटीमीटर चुकत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी पात्याची धार पाहा. धार झिजली आणि ती नोंद यंत्रात बदलली नाही, तर झीज थेट पातळीत उतरते. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी एका पक्क्या बेंचमार्कवर (उंची नक्की माहीत असलेल्या खुणेवर) पातं टेकवून वाचन घेतलं की पाच मिनिटांत खात्री होते. दुसरं कारण म्हणजे यंत्रात जुनं डिझाइन असणं. कार्यालयात सुधारित आराखडा मंजूर होतो, पण यंत्रातली फाइल मागच्या महिन्याचीच राहते. फाइलच्या नावात तारीख हवी, आणि ती ऑपरेटरने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय काम सुरू करू नये.

हे सगळे आकडे संध्याकाळी कार्यालयात पाहून उपयोग नाही. रोलरवाल्याला स्वतःच्या पडद्यावरचा लाल डाग (कमी दबलेली जागा) वाचता आला पाहिजे, आणि तो पाहून पुढचा थर थांबवण्याचा अधिकारही त्याला हवा.

डांबराचंही असंच. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल अंथरताना किमान १४० अंश सेल्सिअस हवा आणि तापमान ९० अंशांच्या खाली जायच्या आधी रोलिंग संपलं पाहिजे. इन्फ्रारेड गन फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, म्हणून ट्रकमधल्या मालात खुपसायचा थर्मामीटरही ठेवा. ताडपत्री नसलेला ट्रक परत पाठवणं कठीण जातं, सगळे घाईत असतात, तरी पाठवा. पेव्हर (डांबराचा माल अंथरणारं यंत्र) थांबत-सुरू होत चालला की प्रत्येक थांब्याला उंचवटा राहतो. अशा वेळी पेव्हरवाल्याला ओरडू नका, हॉटमिक्स प्लँटपासून ट्रक किती वेळात येतात ते मोजा आणि पेव्हरचा वेग त्या मानाने कमी करा.

लाँचिंगच्या वेळी खाली माणसं

लाँचरच्या बाबतीत सुधारायची पहिली गोष्ट यंत्रात नसून वेळापत्रकात असते. लाँचर पुढे सरकत असताना किंवा गर्डर उचललेला असताना खाली शटरिंगचं, केबलचं, साफसफाईचं काम चालू ठेवायचं नाही. एवढ्याने दिवसाचे काही तास जातात, आणि म्हणूनच हा नियम मोडतो. आराखडा करतानाच ते तास धरा.

वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र लाँचरवर असतं, पण किती वेगाला थांबायचं हे ऑपरेटरला विचारलं तर बरेचदा उत्तर येत नाही. मर्यादा त्याच्या केबिनमध्ये, त्याच्या भाषेत लिहा. चिपळूणला सकाळीच मोठा आवाज होऊन गर्डर खचल्याचं दिसलं होतं, दुपारी भाग कोसळला. असा आवाज, तडा किंवा बोल्ट सैल दिसला की आधी सगळ्यांना लांब न्यायचं, बघायला वर चढायचं नाही. पाहणी पुलाच्या तज्ज्ञाने आधी लांबून, ड्रोनने करायची. ड्रोनचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

खोदकामाबाबत थोडक्यात: दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना आधार द्या किंवा उतार काढा, आणि काढलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब टाका. पाऊस पडून गेल्यावर चरात उतरण्याआधी पुन्हा पाहा.

सही घेतली म्हणजे प्रशिक्षण झालं?

गेटवर दहा मिनिटांचं भाषण, रजिस्टरवर सही किंवा अंगठा, हेल्मेट हातात. मजूर झारखंडचा, बंगालचा, बीडचा. भाषण इंग्रजाळलेल्या हिंदीत. छठ आणि होळीनंतर गँग बदलते तेव्हा हेही होत नाही. रात्रपाळीला पोटठेकेदाराची नवी माणसं थेट कामावर येतात.

रोज पाळीच्या आधी दहा मिनिटं बोला, पण फक्त त्या दिवशीच्या कामावर: आज कुठे खोदायचं, डंपर कुठून येणार, कोणती तार जिवंत आहे. मुकादमाने त्याच्या माणसांच्या भाषेत सांगावं आणि इंजिनिअरने उभं राहून ऐकावं. शेवटी दोघांना करून दाखवायला सांगा. हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) घातलेला माणूस पुष्कळदा तो कशाला अडकवायचा हे जाणत नाही, आणि करून दाखवायला सांगितलं की ते लगेच दिसतं.

ऑपरेटर जेवायला गेला की हेल्पर मशीन हलवतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे दुर्लक्ष करतात. कार्ड किंवा पिनशिवाय सुरू न होणारी मशीन घ्या, आणि त्याच वेळी त्या हेल्परला रीतसर शिकवा. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचे ऑपरेटरसाठी अभ्यासक्रम आहेत, आणि आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. प्रमाणपत्रामागे पगारात थोडी वाढ दिली नाही, तर ती माणसं शेजारच्या साईटवर जातील.

अपघात होता होता टळलेल्या प्रसंगांची नोंद होत नसेल, तर आधी सांगणाऱ्याचं काय झालं ते आठवा. ज्याने 'डंपर माझ्या पायाजवळून गेला' असं सांगितलं, त्यालाच 'तू तिथे काय करत होतास' असं विचारलं असेल, तर पुढचा कुणी सांगणार नाही. नोंदीवर दोन दिवसांत काय बदललं ते त्याच मजुराला दाखवा.

अपघात झाल्यावरची एक चूक राहिली. १०८ ला फोन करणारा माणूस साईटवरचा किलोमीटर क्रमांक सांगतो आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला त्यातून काही कळत नाही. प्रत्येक कामाच्या जागी मोठ्या अक्षरांत जवळच्या गावाचं नाव, आत यायचं गेट आणि तिथे उभं राहणाऱ्या माणसाचा मोबाइल लिहून ठेवा, आणि रात्रपाळीत त्या गेटची किल्ली कुणाकडे असते ते संध्याकाळीच ठरवा.