खोबरेल थिजलं की नळी तुंबते: कॅम्पर व्हॅनच्या सांडपाण्यात चिकटा साठू नये म्हणून

डिसेंबरातली गुहागरची सकाळ. आदल्या रात्री आठ जणांचा स्वयंपाक गाडीतच झाला होता. नारळाच्या रसातलं सुरमईचं कालवण, तळलेल्या तुकड्या आणि सोलकढी. सकाळी सिंकमध्ये चहाची भांडी विसळली, तर पाणी खाली जायच्या ऐवजी शेजारच्या न्हाणीत वर आलं. पिवळट, ओशट, त्यावर पांढऱ्या कण्या तरंगताहेत. मला वाटलं टाकी भरली. वाकून पाहिलं तर टाकी अर्धीसुद्धा नव्हती. तुंबली होती फरशीखालची नळी. तिच्यात काय अडकलंय ते सांगितलं डोक्याला लावायच्या खोबरेलाच्या बाटलीने. बाटली उलटी धरली तरी थेंब पडेना.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. किनाऱ्यावर वर्षातले बरेच महिने ते पातळच असतं, म्हणून आपल्याला त्याचा विसर पडतो. थंडीतल्या पहाटे, विशेषतः दापोलीच्या बाजूला वर चढलात की, पारा त्याच्या बराच खाली जातो. नारळाच्या रसातही तेच तेल असतं. घरच्या मोरीत ते खपून जातं, कारण तिथे नळी रुंद असते आणि आपण बादलीने पाणी ओततो. गाडीतली नळी असते सव्वा ते दीड इंचाची. तिला उतार जेमतेम, ती फरशीखाली वाऱ्यावर उघडी लोंबते, आणि पाणी पुरवून वापरायचं म्हणून आपण तांब्यातांब्याने भांडी विसळतो. म्हणजे चिकटा तेवढाच, तो वाहून न्यायला पाणी मात्र चतकोर.

ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: अशा गाडीत सांडपाण्याच्या बहुधा दोन टाक्या असतात. शौचालयाची वेगळी, सिंक आणि आंघोळीची वेगळी. सगळे पहिलीला घाबरतात. माझ्या मते डोक्याला ताप दुसरीचा. पिठूळ पाणी, माशाचा रस आणि तेल एप्रिलच्या उन्हात तीन दिवस बंद टाकीत राहिलं की हवेविना कुजतं, आणि मग जो वास सुटतो त्याच्यापुढे शौचालयाची टाकी सभ्य वाटते.

आधी निपटा, मग धुवा

आम्ही ज्यांच्या आवारात गाडी लावली होती त्या काकू आमची फजिती बघायला आल्या. कढईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, ही अशीच्या अशी मोरीत विसळलीस? आधी निपटून घ्यायची ना!" सगळी विद्या या एका वाक्यात आली. पुढची सगळी उस्तवार हे एक काम न केल्यामुळे करावी लागते.

तळणीचा तवा कोमट असतानाच तेल बाटलीत गाळून घ्या. अगदी थंड होऊ दिलं तर ते तव्यालाच धरून बसतं. तळाशी रवा आणि तांदळाच्या पिठाचा गाळ उरतो, तो कागदाने पुसून कचऱ्यात टाका. हा गाळ तेलापेक्षाही वाईट, कारण नळीत तो फुगतो आणि तेलाला गारा करतो. कालवणाच्या पातेल्याला रबरी उलथन्याने आतून सगळीकडून खरवडा आणि राहिलेला रस भाताच्या शेवटच्या घासाबरोबर पोटात जाऊ द्या. ताटं जुन्या वर्तमानपत्राने पुसा. कागद नसेल तर नारळाचं सोडण सोलून काढलेला काथ्या चालतो, आणि तो इथे फुकट मिळतो.

राखेबद्दल थोडं सविस्तर. ओशट कढईवर चुलीतली राख कोरडी चोळली की ती तेल शोषून घेते, शिवाय राखेतला क्षार तेलाशी मिळून साबणासारखा होतो. आजीची पद्धत अगदी बरोबर होती. पण आजी भांडी घासायची माडाच्या बुंध्याशी. तीच राख गाडीच्या सिंकमध्ये गेली तर टाकीच्या तळाशी सिमेंटसारखी बसते. तेव्हा राख चोळायची ती बाहेर, कोरडी, आणि झटकून कचऱ्यात किंवा खतात. मगच भांडं सिंकपाशी न्यायचं.

सिंकला बारीक भोकांची स्टीलची जाळी हवीच. बांगड्याच्या तिखल्यातली तिरफळं, कोकमाची सालं, खवले, खोबऱ्याचा चोथा यांतलं काहीही जाळीखाली जाता कामा नये. खवला दिसायला निरुपद्रवी, पण नळीच्या सांध्यात आडवा बसला की त्याच्यावर तेलाची साय धरायला लागते. मासळी शक्यतो गाडीत साफच करू नका. हर्णैच्या लिलावातून किंवा मालवणच्या बाजारातून घेतलीत तर तिथेच कोयतीवर साफ करून मागा.

भांडी टबात

सिंकमध्ये नळ सोडून भांडी घासण्याऐवजी प्लॅस्टिकचा टब घ्या. त्यात कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. कमी ओशट भांडी आधी, कढई सगळ्यात शेवटी. थंडीच्या दिवसांत एक युक्ती फार उपयोगी पडते: हे पाणी लगेच ओतू नका, रात्रभर टबात झाकून ठेवा. साबणात न विरघळलेलं खोबरेल सकाळपर्यंत वर पांढरं थिजतं. झाऱ्याने काढा, कागदात गुंडाळा, टाका. उरलेलं पाणी जाळीतून सिंकमध्ये. उन्हाळ्यात हे जमत नाही, तेव्हा निपटण्यावरच भिस्त.

टाकीत पाणी सोडायचं ते धारेने नको. सिंकला बूच लावा, सिंक अर्धा भरू द्या आणि बूच एकदम काढा. तेवढ्याच पाण्याचा लोंढा नळीतून जातो आणि चिकटून राहू पाहणारं सगळं ओढून नेतो. रोज रात्री शेवटचं काम हेच: अर्धा सिंक कोमट पाणी, चमचाभर लिक्विड, बूच ओढा.

कोमट म्हणजे हात घालता येईल इतकंच. उकळतं आधण ओतायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. त्याने तेल पातळ होतं खरं, पण दोन-तीन फूट पुढे जाऊन गार नळीत पुन्हा थिजतं, म्हणजे तुंबा हाताशी होता तो हाताबाहेर जातो. वर पीव्हीसी नळी उकळत्या पाण्याने मऊ पडून सांध्याशी वाकते ते वेगळंच.

व्हॉल्व्ह बंद ठेवा, घाटाला कामाला लावा

दोन दिवस एकाच जागी मुक्काम असला की काही जण शोषखड्ड्याशी पाइप जोडून टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. सोयीचं वाटतं, पण पाणी थेंबाथेंबाने निघून जातं आणि साय, पीठ, गाळ तळाशी सुकतं. व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी निदान निम्म्याच्या वर भरू द्यावी आणि मग एका दमात रिकामी करावी. शौचालयाची टाकी त्याच तोंडातून रिकामी होत असेल तर ती आधी आणि ही नंतर, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो.

टाकी आतून घासायला हात जात नाही. त्यासाठी कोकणातले घाट आहेत. रिकाम्या केलेल्या टाकीत तिच्या एक तृतीयांश इतकं कोमट पाणी, पाव कप भांड्यांचं लिक्विड आणि मूठभर धुण्याचा सोडा टाका आणि निघा. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडकडे निघालात तर वळणावळणाला पाणी टाकीच्या भिंतींवर आपटत राहतं. घाट नको असेल तर सागरी मार्गावरचे चढउतारही पुरतात. मुक्कामाला पोचल्या पोचल्या व्हॉल्व्ह उघडा. तासभर थांबलात तर सुटलेला गाळ परत तळाला बसतो. टाकी काठोकाठ भरून मात्र हे करू नका. पाणी हिंदकळायला जागाच राहत नाही, आणि वळणावर ते न्हाणीत वर येतं.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवताना हाच धोका असतो. उतारावर गाडी कलते आणि टाकी भरलेली असली तर पाणी सखल तोंड शोधतं. चढवण्यापूर्वी न्हाणीला आणि सिंकला बूच लावा. मी एकदा लावलं नव्हतं. वाशिष्ठीच्या मुखावरचा वारा त्या दिवशी आमच्या गाडीत कुणाला जाणवला नाही, जाणवला तो आदल्या रात्रीचा बांगडा.

रिकामी कुठे करायची

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण सांडपाणी सोडायची खास सोय मला किनाऱ्यावर क्वचितच भेटली आहे. त्यामुळे ज्यांच्या आवारात उतरतो त्यांना विचारणं हाच राजमार्ग. कोकणात मोरीचं पाणी पूर्वीपासून माडाच्या आळ्यात किंवा केळीत सोडतात, आणि यजमान बहुतेक वेळा "सोडा तिकडे माडात" असं सहज म्हणतातही. त्यांना खरं सांगा की यात साबण आहे आणि थोडं तेल आहे. ओशट पाणी रोज एकाच आळ्यात गेलं तर मातीची छिद्रं बुजतात, पाणी वर साचतं आणि डास होतात. शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक असेल तर तो बरा. पऱ्ह्यात, खाडीत किंवा पुळणीवर सोडायचं नाही, रात्रीच्या अंधारातही नाही.

बाटलीत साठवलेलं तेल वाटेतल्या खाणावळीला विचारून द्या. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये उपक्रम सुरू केला, आणि काही हॉटेलांकडून असं तेल गोळा केलं जातं. कुणी घेत नसेल तर लाकडाच्या भुश्यात किंवा सुक्या मातीत जिरवून कचऱ्यात.

तुंबलीच तर

पहिल्यांदा सिंकखालचा वळसा, ज्याला प्लंबर ट्रॅप म्हणतो, तो उघडा. खाली बादली ठेवायला विसरू नका. निम्म्या वेळा दोषी माल तिथेच सापडतो. तो स्वच्छ निघाला तर रबरी पंप वापरा, पण त्याआधी न्हाणीचं भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरायला कुणाला तरी बसवा. नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो आणि फवारा उडतो तो निराळा. तेवढ्याने भागलं नाही तर प्लंबरची लवचिक स्प्रिंग घाला, हलक्या हाताने फिरवत. गाडीतले सांधे चिकटवलेले असतात, दांडगाई केली तर सुटतात.

आमच्या त्या सकाळी मी यातलं काहीच केलं नाही. ऊन चढेपर्यंत थांबलो, फरशीखालच्या नळीला गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळली आणि मग साबणाच्या पाण्याचे तीन लोंढे सोडले. नळी मोकळी झाली. थिजलेल्या खोबरेलाला बाहेरून ऊब द्यावी आणि आतून लगेच भरपूर पाणी द्यावं, इतकं ते सोपं आहे.

जुना थर असेल तर एन्झाइमचं औषध आणा. त्यातले जिवाणू आणि एन्झाइम चरबीचे तुकडे करतात, पण त्यांना वेळ लागतो आणि ऊब लागते. ऊब कोकणात आयती आहे. रात्री सगळे झोपल्यावर टाका, सकाळपर्यंत नळ उघडू नका. त्याच दिवशी ब्लीच टाकलंत तर जिवाणू मरतात, पैसे वाया.

कॉस्टिक सोड्याच्या पुड्या मात्र गाडीत आणूच नका. पाण्यात पडताच तो इतका तापतो की प्लॅस्टिकच्या नळ्यांना झेपत नाही, ॲल्युमिनियमला तो खातो, आणि गाडीच्या हेलकाव्यात ते पाणी अंगावर उडालं तर कातडी भाजते. ब्लीच आणि व्हिनेगरही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि गाडीत खोली एकच असते. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणं हा निव्वळ तमाशा. दोघं एकमेकांना मारतात, तेल आपल्या जागी. टाकीत बर्फ टाकून गाडी फिरवा असाही सल्ला मिळतो. त्या बर्फावर मासळी ठेवावी.

टाकी रिकामी असूनही पॅनेलवर ती भरलेली दिसत असेल, तर आतल्या सेन्सरवर तेलाची साय धरली आहे. वर सांगितलेली घाटाची धुलाई दोन-तीनदा करा, बहुतेक वेळा सुधारतं. तोवर टाकी भरली का ते खाली वाकून, वाजवून बघावं.

पावसाळ्यात गाडी उभी करताना

जूनच्या आधी टाकी दोनदा धुवा, पूर्ण रिकामी करा आणि व्हॉल्व्हच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोल किंवा डिझेल लावू नका, रबर फुगतं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून तोंडाला जाळी बांधा, म्हणजे हवा खेळेल आणि झुरळं आत जाणार नाहीत. गाडी महिना-महिना उभी राहिली की वळशातलं पाणी आटतं आणि टाकीतला वास थेट बिछान्यापर्यंत येतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक भोकात तांब्याभर पाणी ओता आणि बूच लावून ठेवा. गाडीच्या किल्लीबरोबर मी आता खोबरेलाची छोटी पारदर्शक बाटलीही टांगून ठेवतो. पहाटे उठल्यावर आधी तिच्याकडे बघतो आणि मगच भांड्यांना हात लावतो.