घरच्या मोदकपात्रात जपानी मोची

मोची म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाच्या मऊ, लवचीक पारीत गोड सारण भरलेला जपानी पदार्थ. ती घरी जमत नाही, अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी पीठ कोणते वापरले ते तपासावे. उकडीच्या मोदकांसाठी आपण आंबेमोहोराची किंवा बासमती तुकड्याची पिठी घेतो; तिची उकड कितीही निगुतीने काढली तरी तिची मोची होत नाही. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सहज मिळणारा इंद्रायणी तांदूळ शिजल्यावर चांगला चिकट होतो, म्हणून तो चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तोही चालत नाही. याचे कारण तांदळातल्या स्टार्चमध्ये आहे. नेहमीच्या तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज हा घटक जातीनुसार साधारण १० ते ३० टक्के असतो आणि त्यामुळे शिजलेले पीठ ताणले की तुटते. जपानमध्ये मोचीसाठी जो मोचीगोमे तांदूळ वापरतात, त्यात अमायलोज जवळजवळ नसतेच. सगळा स्टार्च अमायलोपेक्टिन प्रकारचा असतो आणि मोचीचा लवचीक ताण हा त्याचाच गुण आहे. या तांदळात ग्लुटेन नसते, त्यामुळे गहू वर्ज्य असणाऱ्यांनाही हा पदार्थ खाता येतो.

पीठ विकत घेताना मोचिको किंवा शिरातामाको ही जपानी नावे पाहावीत. शिरातामाको तांदूळ भिजवून, पाण्यासह वाटून मग वाळवलेले असल्याने रवाळ खड्यांच्या रूपात येते आणि त्याची मोची अधिक तलम होते. मात्र ते महाग पडते. थायलंडहून येणारे चिकट तांदळाचे पीठही उत्तम चालते आणि ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये आयात मालाच्या कप्प्यात ते शोधावे, नाहीतर ऑनलाइन मागवावे. जोशिंको हेही जपानी तांदळाचेच पीठ असले तरी ते साध्या तांदळाचे असते, म्हणून ते घेऊ नये. आपल्याच देशात आसामचा बोरा तांदूळ आणि मणिपूरचा काळा चाखाओ या चिकट जाती आहेत.

सारण आदल्या दिवशी करून ठेवणे सोयीचे असते. जपानमध्ये ते अझुकी या लहान लाल कडधान्याचे करतात. अझुकी मिळाली नाही तर लाल चवळी घ्यावी. ती त्याच कुळातली आहे आणि तिची चव बरीच जवळची येते. १०० ग्रॅम चवळी रात्रभर भिजवून एक उकळी आणावी आणि ते पहिले पाणी टाकून द्यावे, म्हणजे तुरटपणा जातो. मग ताज्या पाण्यात कुकरला लावून चवळी बोटांनी सहज चिरडेल इतकी मऊ शिजवावी, नीट निथळावी आणि पुरणयंत्रातून काढावी, म्हणजे सालीचा जाडसरपणा राहत नाही. त्यात ८० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आंचेवर सतत हलवत आटवावे. पुरणाप्रमाणेच यातही उलथने उभे राहिले की सारण झाले असे समजावे. सारण सैल राहिले तर पारी बंद करताना कडेला येते आणि मग ती मोची काही केल्या मिटत नाही, म्हणून येथे घाई करू नये. गार झाल्यावर २५ ग्रॅमचे आठ गोळे करून फ्रिजमध्ये ठेवावेत. उरलेले सारण पोळीला लावून खाता येते.

आठ मोचींसाठी १०० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम साखर आणि १५० मिलिलिटर पाणी लागते. साखर कमी करण्याचा मोह टाळावा, कारण ती गोडीबरोबरच स्टार्चमध्ये पाणी धरून ठेवते आणि मोची कडक होण्याचा वेग कमी करते. पीठ व साखर एकत्र करून पाणी थोडे थोडे घालत गुठळ्या मोडाव्यात. घोल दुधासारखा पातळ दिसतो, तसाच तो असायला हवा. घाबरून आणखी पीठ घालू नये. तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या खोलगट थाळीत तो ओतून मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये २० मिनिटे वाफवावा. झाकणाला स्वच्छ फडके बांधावे, नाहीतर वाफेचे थेंब पिठावर पडून वरचा थर पाणचट होतो.

दहा मिनिटांनी झाकण उघडून ओल्या लाकडी चमच्याने सगळे पीठ तळापासून हलवावे. या टप्प्यावर कडेचा भाग घट्ट आणि मधला भाग पांढरा, वाहता असतो. वीस मिनिटांनंतर पुन्हा पाहिले की दुधी पांढरा रंग जाऊन पीठ किंचित पारदर्शक, चकचकीत झालेले दिसते, आणि चमच्याने उचलल्यावर ते न तुटता लांब ओढले जाते. कुठेही खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर तेवढा भाग कच्चा आहे. आणखी पाच मिनिटे वाफ द्यावी. मायक्रोवेव्हमध्ये झाकून दोन मिनिटे, ढवळून एक मिनिट आणि पुन्हा ढवळून अर्धा मिनिट ठेवले तरी काम होते, पण वाफेवर पीठ सगळीकडे सारखे शिजते, म्हणून मी मोदकपात्रच सुचवेन. शिजलेले पीठ गरम असतानाच ओल्या चमच्याने तीन-चार मिनिटे जोर लावून घोटावे. हात दुखतो, पण मोचीचा मऊपणा याच घोटण्यातून येतो.

एकीकडे अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर कोरडेच, रंग बदलू न देता, मंद आंचेवर चार-पाच मिनिटे परतून घ्यावे, कारण ते पुढे शिजवले जात नाही आणि कच्चे राहिले तर जिभेला लागते. परातीत त्याचा थर पसरून त्यावर पीठ ओतावे, वरूनही भुरभुरावे आणि हात लावण्याइतके गार झाले की आठ भाग करावेत. मोदकाची उकड मळताना पाण्याचा हात लावण्याची आपली सवय येथे बाजूला ठेवावी. पाणी लागले की मोची बोटांना धरते, कोरडे कॉर्नफ्लॉवर तिला सोडवते. प्रत्येक भाग हातावर चपटा करून कडा पातळ आणि मध्यभाग जाडसर ठेवावा. सारण ठेवण्यापूर्वी आतल्या बाजूचे कॉर्नफ्लॉवर, विशेषतः कडेचे, कोरड्या ब्रशने झटकून टाकावे, कारण ते राहिले तर कडा एकमेकींना चिकटत नाहीत. गोळा ठेवून कडा वर ओढाव्यात, चिमटीत धरून पिळाव्यात आणि जोड खाली येईल अशी मोची ठेवावी. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की छोटे फळ पूर्ण कोरडे पुसून, भोवती सारणाचा पातळ थर देऊन आत भरावे. तिच्या आंबटपणाने चवळीच्या सारणाला फार सुरेख चव येते.

अख्ख्या तांदळाची बिनसाखरेची मोची करायची असेल तर चिकट तांदूळ बारा तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात अर्धा-पाऊण तास वाफवावा. जपानमध्ये वर्षअखेरीस तो उखळीत घालून मोठ्या लाकडी हातोड्याने कुटतात. एक जण कुटतो आणि दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणी ओल्या हाताने गोळा उलटतो. इमारतीतल्या घरात असे कुटणे खालच्या मजल्यावरच्यांना त्रासाचे होईल, म्हणून कणीक मळण्याचे यंत्र वापरावे आणि शिते दिसेनाशी होईपर्यंत ते चालू ठेवावे. या मोचीचे तुकडे वाळवून भाजले की फुगतात आणि सोया सॉसबरोबर छान लागतात.

तयार मोची फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण त्या थंडाव्यात स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत सारणही फार काळ टिकत नाही, तेव्हा सकाळी केलेली मोची संध्याकाळपर्यंत संपवावी. जास्त झाल्या तर प्रत्येक मोची वेगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावी आणि खाण्यापूर्वी तासभर बाहेर काढावी. स्ट्रॉबेरीची मोची मात्र गोठवू नये, तिला पाणी सुटते.

मोची घशात अडकू शकते आणि जपानमध्ये दर नववर्षाला, विशेषतः वृद्धांच्या बाबतीत, अशा दुर्घटना घडतात. लहान मुलांना ती देऊच नये, आणि आजी-आजोबांना द्यायची असेल तर कात्रीने अगदी बारीक तुकडे करून, चहाचा किंवा पाण्याचा घोट आधी घ्यायला सांगून, ते सावकाश चावून खात असताना जवळ बसावे.