फुलोऱ्यात बर्फ पडला, तर आकाश उघडेल ती रात्र सांभाळा

सफरचंदाची झाडं फुलावर आली की डोंगरातला बागायतदार हिवाळा विसरतो, आणि नेमकं तेव्हाच उशिराचं हिमवादळ येतं. बर्फ पडताना जीव खालीवर होतो खरा, पण बहर बहुधा जातो तो आकाश उघडेल त्या रात्री. ढग आहेत तोवर जमिनीची ऊब थोपून राहते. ढग हटले, वारा पडला की ती निघून जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा तळ गाठतो.

त्याआधी वजनाचं बघा. वसंतातला बर्फ ओला असतो. 10 सेंटीमीटर साचला तरी एका चौरस मीटरवर 20 ते 30 किलो भरतो. गारपिटीची जाळी वादळापूर्वीच गुंडाळा, नाहीतर खांबांसकट आडवी होईल. काठीला कापड गुंडाळून फांद्या खालून वर उचलत झटका; वरून हाणलं की त्या आणखी वाकतात. बर्फ गोठून काचेसारखा झाला असेल तर हात लावू नका, कळ्यांसकट निघेल. भाजीच्या वाफ्यांवरचा राहू द्या, तो पांघरुणच आहे.

 

आता थंडी. सफरचंद पूर्ण फुलोऱ्यात असताना अर्धा तास उणे 2.2 अंश राहिलं तर सुमारे 10 टक्के फुलं मरतात, उणे 3.9 ला 90 टक्के. दोन अंशांच्या आतला हा खेळ आहे, तेव्हा घराच्या भिंतीवरच्या आकड्यावर विसंबू नका. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि बांधाशी तुंबते. थर्मामीटर तिथे, फुलांच्या उंचीवर टांगा.

पाणी गोठताना उष्णता सोडतं, म्हणून तुषार सिंचन कामी येतं. पण एकदा चालू केलं की उन्हाने बर्फ सुटून पडेपर्यंत बंद करायचं नाही. मध्येच थांबलात तर ओली फुलं आणखी गार पडतात. टाकी रात्रभर पुरणार नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. ओला पालापाचोळा पेटवून धूर करायची हौस अजून सुटत नाही; धुराने ऊब अडत नाही, फक्त डोळे चुरचुरतात.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बागेत जा. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र दिसतील, फसू नका. ब्लेडने फूल उभं चिरा: मधला गाभा हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी-काळा असेल तर गेलं. शेंड्याची, बुडख्याची, खोलगट भागातली अशी निदान शंभर फुलं मोजा. बहर भरगच्च असेल तर शंभरातली दहा फुलं धरली तरी पीक हाती लागतं. विरळणीची, म्हणजे जादा फळं गाळायची फवारणी या मोजणीनंतरच ठरवा, आणि मोडलेल्या फांद्या करवतीने साफ कापून घ्या.